रोजची बारा पानं

आमचे मालक, दादा, भाईंदरला राहायला आले तेव्हा लालबागच्या छापखान्यातला एक फळा सोबत घेऊन आले होते. लाकडी, काळा, शाळेत असतो तसा. त्या छापखान्यात प्रत्येक मशीनशेजारी असा फळा टांगलेला असायचा आणि पाळी संपली की दिवसाची छपाई त्यावर खडूने लिहायची पद्धत होती. छापखाना बंद पडला, दादांनी इंद्रलोक कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावरचा एक गाळा घेतला, तिथे वेबसाइट बनवायचं ऑफिस काढलं, तीन कॉम्प्युटर आणले. पण संध्याकाळी फळ्यावर आकडा पडल्याशिवाय त्यांना दिवस संपल्यासारखा वाटत नसे. आमच्या दोघांच्या नावाचे दोन रकाने होते. एक माझा, एक सोबत काम करणाऱ्या ताईचा. कोणी किती पानं केली ते ज्याने त्याने लिहायचं आणि घरी जायचं. खडूची पूड कीबोर्डमध्ये जाते म्हणून ताई रोज कुरकुरायची. दादा म्हणायचे, छापखान्यात शाईत बुडालेली मशिनं चालली, तुझा कीबोर्ड काय मरतोय.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. डिप्लोमा झालेली, आईवडिलांबरोबर त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणारी. सुरुवातीला मी तिला मॅडम म्हणायचो, तर तिने सांगितलं की मॅडम म्हणालास तर उत्तर देणार नाही. मग ताई.

माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही धड नाही. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी मला शाळेतून बाहेर काढलं असं म्हणायला हरकत नाही. गाव नांदेडच्याही पुढे, तेलंगणाच्या हद्दीला चिकटलेलं. गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर भाईंदरला आलो आणि स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायला लागलो. दादा तिथे कसलंसं पत्रक करून घ्यायला आले होते. माझ्या मागे उभे राहून बघत होते. शाळा किती, विचारलं. मी सांगितलं. का सोडली, विचारलं. जमली नाही, म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "हे जमतंय ना? मग उद्यापासून माझ्याकडे ये."

एवढंच. कागद मागितला नाही, ओळख मागितली नाही. आजही कोणी माझ्या मागे येऊन उभं राहिलं की पहिल्यांदा धडकी भरते आणि लगेच दादांची आठवण येते. दोन्ही एकदमच होतं.

पण ते म्हणाले तसं जमत नव्हतं, ही खरी गोष्ट. वेबसाइटचं पान म्हणजे सगळा इंग्रजीचा मामला. मला अक्षरं ओळखता यायची, शब्द वाचता यायचे नाहीत. मी ते चित्रासारखे लक्षात ठेवायचो. हा लांब शेपटीवाला इथे येतो, हा दोन डोळ्यांचा तिथे येतो. वहीत काढून ठेवलेले असायचे. एक पान करायला ताईला तासभर लागला तर मला दोन लागायचे. पहिल्या आठवड्यात फळ्यावर तिचे सहा-सात असायचे आणि माझे तीन. दादा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत याचाच मला जास्त घोर लागला.

त्यात एकदा घोळ झाला. ताईने शिकवलं होतं की जुनं पान उघडायचं, त्यातला मजकूर बदलायचा आणि नवीन नावाने ठेवायचं. मी नवीन नाव द्यायला विसरलो. एका लग्नाच्या हॉलचं पान गेलं आणि तिथे दातांच्या डॉक्टरचं आलं. हॉलवाल्याचा फोन आला की आमच्या स्टेजवर दाढ का दिसतेय. दादा पोट धरून हसले. मी मात्र त्या दिवसापासून जुन्या पानाला हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक पान कोऱ्यापासून, पहिल्या ओळीपासून. कितीही वेळ लागो.

वेळ लागायचाच. तो आणायचा कुठून? दादांना सकाळी मुलीला शाळेत सोडायचं असायचं आणि मी पाच मिनिटांवर राहायचो, म्हणून ऑफिसची चावी त्यांनी माझ्याकडे दिली होती. मी साडेनऊला उघडायचं, झाडू मारायचा, असं ठरलेलं. मी सहाला उघडायला लागलो. शटर अर्धंच वर करायचो. दूधवाला डोकावून जायचा. हळूहळू हात बसला आणि साडेतीन तासांत चार-पाच पानं व्हायला लागली. दहाला ताई आली की मी नुकताच आल्यासारखा पाणी पीत बसायचो. रविवारीही जायचो, आणि रविवारची पानं 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये जमा करून ठेवायचो, म्हणजे एखाद्या दिवशी हात चालला नाही तर तिथून काढून भर घालता येईल.

दोन महिन्यांत फळ्यावर माझे बारा पडायला लागले. रोज बारा. मग अकरा लिहायची सोयच राहिली नाही.

दादांना काय आनंद झाला. येईल त्याला सांगायचे. कुरिअरवाल्याला, चहावाल्याला, वरच्या मजल्यावरच्या काकांना. नववीतून सुटलेला मुलगा आहे, बघा, बारा काढतो. आणि मग, ताई ऐकत असताना, "डिप्लोमावाले सातवर अडकलेत." ताई वर न बघता म्हणायची की डिप्लोमात खडू शिकवत नाहीत. मी स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसायचो. तिचे सात खरे होते. माझ्या बारामुळे ते कमी दिसत होते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

खोलीवर आम्ही चौघं राहायचो. त्यात एक रत्नागिरीकडचे काका होते, स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळे काळे. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, पहाटे पाऊण तास यायचं आणि पिंप भरायची पाळी ठरलेली असायची. मी माझी पाळी त्यांच्या गळ्यात मारायला लागलो, बदल्यात संध्याकाळची भांडी घासायचो. ते विचारायचे, एवढ्या सकाळी कुठं उलथतोस. एकदा मी खरं सांगितलं. बारा पानांचं, फळ्याचं, सगळं. मला वाटलं शाबासकी देतील.

पाइप पिंपात धरून ते म्हणाले, "येडा हायस तू मेल्या. आमच्याकडं एकानं असंच केलन. जास्ती पीस काढलेन, मुकादमाला दाखवलेन. दुसऱ्या दिवसापासून तोच आकडा सगळ्यांचा झाला. त्याचापण."

मी म्हटलं, आमचं तसं नाही, आमचे दादा चांगले आहेत. काका म्हणाले, मुकादमपण चांगलाच होता.

रविवारी एसटीडी बूथवरून शेजारच्यांच्या फोनवर घरी फोन करायचो. आई धापा टाकत यायची. "काय करायलास?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा आणि जेवलास का हा दुसरा. काम नीट करायलोय, म्हणायचो. लोक हाकलून तर देणार नाहीत ना, ती विचारायची. तिला मुंबईकडची माणसं कधीही कोणालाही हाकलून देतात असं वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. फोन ठेवला की पाय ऑफिसकडेच वळायचे.

मग स्टीलचे शेट आले.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने खूप, त्यातला एक त्यांचा. दादांची त्यांच्याशी छापखान्यापासूनची ओळख, त्यांची भांड्यांच्या मापा-वजनांची पुस्तकं तेव्हा दादांनी छापलेली. आता मुंबईत भांड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, बाहेरच्या देशातून खरेदीदार येणार होते, आणि शेटना वेबसाइट हवी होती. एकशेऐंशी भांडी. प्रत्येक भांड्याचं स्वतंत्र पान. टोप, पातेली, तांबे, डबे, मुलांचे टिफिन, झारे, चमचे. शेट खुर्चीत बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांची नजर फळ्यावर गेली.

"ये बारा कौन करता है?"

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेटनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, एकशेऐंशी भागिले बारा, पंधरा दिवस. बरोबर पंधरा कामाचे दिवस होते, सोमवारी सुरू केलं तर तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी संपतं आणि गुरुवारी प्रदर्शन. त्यांना हा योगच वाटला. दादांनी ताईला बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कामावर ठेवलं आणि भांडी मला दिली. दादा माझ्याकडे बघून हसले. मी पण हसलो. हो म्हणालो की नुसती मान हलवली ते आठवत नाही, पण नाही म्हणालो नाही.

फोटो आले. स्टील चमकतं. प्रत्येक टोपाच्या पोटात फोटो काढणारा दिसत होता. लाल शर्ट, पोट सुटलेलं, डोळ्याला कॅमेरा. मोठ्या पातेल्यात तो मोठा, तांब्यात लांबुळका, झाऱ्यात उलटा. शेटच्या मेव्हण्याने काढले होते फोटो, त्यामुळे पुन्हा काढा असं कोणी म्हणणार नव्हतं. त्या लाल शर्टाला प्रत्येक भांड्यातून पुसून काढायचं, कडा कापायच्या, मग मापांचा तक्ता, झाकणासहित वजन, झाकणाशिवाय वजन. आधीच्या साइटवरचं पान आणि हे पान यांत काही संबंधच नव्हता. पण फळ्यावर पान म्हणजे पान.

पहिल्या दिवशी सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत, दुपारचं जेवण पाच मिनिटांत उरकून, सात झाली. सगळं धरून सात. मी खडू हातात घेतला. दादा मागे टेबलावर फोनवर बोलत होते, बहुतेक शेटशीच. मी बारा लिहिलं.

रविवारी भरून काढू, असं मनात होतं. आणि हात बसला की वेग वाढेल. दुसऱ्या दिवशी सात. बारा लिहिलं. तिसऱ्या दिवशी सहा. बारा. 'जुने' फोल्डरमध्ये जे होतं ते दुसऱ्याच गिऱ्हाइकांचं, त्याचा इथे उपयोग नव्हता. शनिवारी संध्याकाळी फळ्यावर एकूण बहात्तर होते आणि कॉम्प्युटरमध्ये एक्केचाळीस. हा फरक मला सतत ऐकू यायचा. जेवताना, दात घासताना. एकतीस, एकतीस. मी बसलो की माझा पाय हलायला लागायचा आणि टेबल थरथरायचं. ताई म्हणायची, अरे भूकंप बंद कर. दूधवाल्याच्या आधी उठून बसायचो, घड्याळ बघायचो, अजून पाच, अजून सव्वापाच. काकांनी एकदा झोपेतूनच विचारलं, कोणाच्या लग्नाला जायचंय काय.

रविवारी नऊ केली. त्या दिवशी आईला फोन करताना मी सांगितलं की भांड्यांचं काम आलंय. मग तिने हळूच विचारलं, "घासायलास का रे? सांग, लपवू नको." तिला कॉम्प्युटर समजावून सांगायला पैसे पुरले नसते. मी म्हटलं, नाही गं, चमकवायलोय. ते तिला पटलं नसावं.

सोमवारी सात. फळ्यावर चौऱ्याऐंशी, फोल्डरमध्ये सत्तावन्न.

मंगळवारी दादांनी ताईला सांगितलं की तू मुख्य पान करून ठेव. म्हणजे सगळ्या भांड्यांची यादी, ज्यावर क्लिक केलं की त्या त्या भांड्याचं पान उघडेल. झालेल्या चौऱ्याऐंशीची यादी जोडून टाक, म्हणाले, आणि कारखान्यात शेटना भेटायला गेले. मी माझ्या स्क्रीनवर एक डबा कापत होतो. कापत कसला, एकाच कडेवरून माउस फिरवत होतो. मागे ताईच्या माउसचा आवाज येत होता. टक, टक, टक. मग तो थांबला.

तिने फोल्डर पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खुर्ची सरकवून माझ्या शेजारी आली. तिने ना आवाज चढवला, ना काही.

"सत्तावन्नच्या पुढे पान नाहीये."

मी म्हटलं, आहेत, दुसरीकडे आहेत. तिने विचारलं, कुठे. मी माउस पुन्हा डब्याच्या कडेवर नेला.

"फाइलवर वेळ पडते, माहितीये ना तुला? शेवटची कधी बदलली ते." माहीत नव्हतं. "सकाळी सहा दहा. सहा पंचेचाळीस. रविवार दुपार. मी तीन महिने बघतेय. मला वाटलं, गावाकडचा आहे, खोलीवर करमत नसेल."

तीन महिने. म्हणजे दादा सातवरून टोमणे मारायचे तेव्हाही तिला माझे बारा कशाचे आहेत ते माहीत होतं. सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं असेन, कारण ती म्हणाली की चावी तुझी, झोप तुझी, मी कोण सांगणार. पण हे वेगळं आहे. हे तू लिहिलंयस आणि तिकडे तो माणूस त्यावर भरवसा ठेवून बसलाय. "मी नाही सांगणार. तू सांग. आज दुपारपर्यंत. नाहीतर मी यादी रिकामी ठेवीन, मग दादांना स्वतःच दिसेल."

मी उठलो आणि बाहेर पडलो. चप्पल उलटी घातली होती हे कॉम्प्लेक्सचं फाटक ओलांडल्यावर कळलं. काही ठरवलेलं नव्हतं. चालत राहिलो, स्टेशनचा पूल चढलो, पश्चिमेला उतरलो. खिशात ऑफिसची चावी होती आणि मनात एकच हिशोब चाललेला, की चावी कोणाच्या तरी हाती पाठवून दिली तर नांदेडची गाडी संध्याकाळी मिळते. डेपोत समुद्राकडच्या चौक गावाला जाणारी बस उभी होती, दार उघडं. मी त्या बाजूला कधीच गेलो नव्हतो. चढलो आणि बसलो. का, ते विचारू नका. बसल्याबरोबर पाय हलायला लागला.

एक कोळीण मासे विकून परत निघाली होती, मोठी रिकामी टोपली घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कुठे जायचंय, विचारलं. मी म्हटलं, चौकला. कोणाकडे? मला कोणाचं नाव सांगता येईना.

"तिकडं काय काम हाय?"

"काही नाही."

"काम न्हाय तर जागा कशाला अडवतंस? उठ, टोपली ठेवू दे."

मी उठलो, आणि उठलोच आहे तर उतरलो. परत येताना पूल चढताना दम लागला. जाताना लागला नव्हता.

मी पोचलो तेव्हा दादा परत आले होते आणि डबा उघडून बसले होते. वहिनींनी कधी नाही ते मासे दिले होते, दादांनी मला बस म्हटलं आणि एक तुकडा झाकणात काढला. ताई तिच्या जागेवर पाठ करून बसली होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर सांगू शकलो नसतो.

"दादा, फळ्यावर चौऱ्याऐंशी आहेत. झालीयत सत्तावन्नच."

त्यांनी घास संपवला. पाणी प्यायले. मग फळ्याकडे न बघता विचारलं, "आणि आधीची बारा?"

ते हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. सगळंच सांगितलं मग. सहा वाजताचं, रविवारचं, 'जुने' फोल्डरचं, इंग्रजी वाचता येत नाही त्याचं, कोऱ्यापासून पान करतो त्याचं. बोलता बोलता मी गावाकडचं बोलायला लागलो होतो, करायलो, बसायलो, हे माझ्याच कानावर पडत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "छापखान्यात कोणी खोटी छपाई लिहिली असती तर संध्याकाळी कागदाचा हिशोब लागला नसता. लगेच सापडला असता. इथे कागदच नाही." आणि थोड्या वेळाने, "मी शेटला शब्द दिला तो तुझ्या तोंडावर नाही दिला. फळ्यावर दिला."

मग त्यांनी ताईला विचारलं, तुझे सात किती वाजेपर्यंतचे असतात. दहा ते सात, ती म्हणाली, लिहिते तेवढेच. दादांनी मान हलवली. तिची माफीबिफी मागितली नाही, पण डब्याचं झाकण, ज्यात माझा तुकडा होता, ते उचलून तिच्या टेबलावर ठेवलं. ती मासे खात नव्हती. शेवटी तो तुकडा मीच खाल्ला, संध्याकाळी, गार झालेला.

चावी त्यांनी त्याच दुपारी मागून घेतली. मला वाटलं, संपलं. खिशातून काढताना ती अस्तरात अडकली आणि मी ओढत राहिलो. ते म्हणाले, "उद्या दहाला ये. नऊ पन्नासला नाही, दहाला."

शेट चारला आले. दादांनी त्यांना खरं सांगितलं, माझं नाव बाजूला ठेवून, आमच्याकडून आकडा चुकला असं. मी दाराजवळ उभा होतो. शेटनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, खरा आकडा किती. मी म्हटलं, या भांड्यांचे दिवसाला पाच, ऑफिसच्या वेळात. ते मला काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी तयार होतो. ते नुसते वैतागले होते, उन्हातून आल्यासारखे.

"तो पाँच बोलना था ना, भाई. मैं पाँच पे भी आपको देता. बाकी का उसी दिन और दुकानों में बाँट देता. अब किसको दूँ?"

हे मला अजून टोचतं. पाचवरही त्यांनी दिलं असतं. मी तीन महिने ज्या बारासाठी पहाटे उठलो, ते बारा कोणीच मागितले नव्हते.

दादा म्हणाले, एकशेतीस देतो, ताईलाही बसवतो. पन्नास राहतील, कोणती सोडायची ते तुम्ही सांगा. शेटनी पेन घेतलं आणि यादीवर काट मारत गेले. चमचे, झारे, छोटे डबे, मुलांचे टिफिन. हे बाहेरचे लोक घेत नाहीत, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईने माझी खुर्ची तिच्याकडे ओढली. माझं काम कसं चालतं ते दाखव, म्हणाली. मी एक पातेलं सुरू केलं. फोटो उघडला, अर्धा कापला, मग माप टाकायला पान उघडलं, वजन सापडेना म्हणून शेटचं पुस्तक उघडलं, मग परत फोटो. तिने कपाळाला हात लावला. तू एका पातेल्यामागे किती वेळा घर सोडून बाहेर जातोस, म्हणाली. मग आम्ही असं केलं: आधी दिवसभर फक्त फोटो. लाल शर्ट पुसायचा, कापायचा, पुढचा. हाताला तेच काम मिळालं की तो विचारत नाही, आपोआप चालतो. दुसऱ्या दिवशी फक्त मापं, ती वाचून दाखवायची, मी भरायचो. आणि एक कोरं पान तिने करून ठेवलं, त्यात सगळं जागच्या जागी, फक्त नाव, फोटो आणि आकडे रिकामे. मी जुन्या पानाला हात लावत नाही म्हटल्यावर तिने त्या पानाला असं कुलूप लावलं की बदल करून तसंच ठेवायला गेलं तर कॉम्प्युटर नाहीच म्हणायचा, नवीन नाव मागायचा. "आता चुकायला जा," म्हणाली. मी गेलो, मुद्दाम. चुकता आलं नाही. दातांच्या डॉक्टरपासून छातीवर बसलेलं काहीतरी त्या दिवशी उतरलं.

दोघांचे मिळून दिवसाला अकरा व्हायचे, दहा ते सातमध्ये. फळा दादांनी काढला नाही. संध्याकाळी लिहायला मात्र ते स्वतः उठायचे, आधी फोल्डर उघडून मोजायचे. तेवढा वेळ मी खाली बघत उभा राहायचो. हे बरोबरच होतं.

सकाळचं मात्र काय करायचं ते कळेना. पाचला जाग यायची ती यायचीच. काकांना म्हटलं, पाण्याची माझी पाळी मला द्या. त्यांनी लगेच दिली. पाऊण तासात पिंप भरलं की मग दहापर्यंत मी मोकळा, आणि मोकळा माणूस म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. इंद्रलोकच्या गेटापर्यंत जायचो, बंद शटर बघायचो, परत यायचो. वॉचमनने विचारलं, किल्ली हरवली क्या. ताईने मुलांचं इंग्रजीचं एक अंकलिपीसारखं पुस्तक दिलं होतं, ते वाचायला लागलो. चित्र न बघता शब्द वाचायचा. दिवसाला पाच शब्द, कधी तीन. ते कुठेही लिहून ठेवले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी एकशेतीस पूर्ण झाली आणि साइट चालू झाली. गुरुवारी प्रदर्शन उघडलं. त्या दिवशी आम्ही तिघंही फोनकडे कान देऊन बसलो होतो आणि बसलोय असं दाखवत नव्हतो. दुपारी तो वाजला. दादांनी उचलला. पलीकडून शेटचा आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता. बाहेरच्या एका मोठ्या खरेदीदाराने नेमके मुलांचे टिफिन विचारले होते. नेमके तेच. साइटवर नाहीत, तो म्हणाला, दाखवा. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, शनिवारी सकाळी राहिलेले पन्नासच्या पन्नास पाहिजेत.

दादांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. ताईकडे नाही, माझ्याकडे.

"शनिवारी होतील?"

तोंडात हो आला होता. खरंच आला होता, जिभेवर. दोघांचे अकरा, गुरुवारचा अर्धा दिवस गेलेला, त्यात फोटो अजून कापलेले नाहीत. दादांनी मला झेरॉक्सच्या दुकानातून उचलून आणलं होतं, त्यांना मी नाही कसं म्हणायचं. आणि ताई बाजूला बसून ऐकतेय. माझा पाय हलत होता, मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

"नाही," मी म्हणालो. "पन्नास मंगळवारी होतील. टिफिन अठरा आहेत. ते तेवढे आधी घेतले तर शनिवारी सकाळी देतो."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग हात काढला आणि फोनमध्ये म्हणाले, टिफिन शनिवारी, बाकी मंगल को. पलीकडे शेट काहीतरी बोलले, बराच वेळ, चढ्या आवाजात. दादांनी ऐकून घेतलं. हां शेट, म्हणाले, हां, पण शनिवारी पक्के. आणि फोन ठेवला.

"शनिवारी म्हणजे शनिवारी हं," ते मला म्हणाले.

ताईने तोपर्यंत टिफिनचे फोटो उघडलेही होते. पहिल्याच टिफिनच्या झाकणावर लाल शर्टवाला बसला होता. मी माउस हातात घेतला. त्याला कॉलरपासून पुसायला घेतलं.